तिकडे दिसते ती मी नाही

कुमासी, ३ मार्च

लाडक्या फ्रेमामावशी,

आला गं सिनेमा! काल दुपारी फोनवर 'सुक्या नदीची सून' असं लिहिलेलं चित्र दिसलं आणि त्यात माझा चेहरा. मी शिवणाच्या मशीनवरून उठून रस्त्यावरच नाचले. समोरची मक्याची केंकी विकणारी म्हणते, "काय गं आफ्रा, लॉटरी लागली?" मी तिला म्हटलं, "लॉटरी नाही, मी मोठ्या पडद्यावर चालले, आणि तेही घरबसल्या."

आईनं तर बंटामाच्या बाजारात सुकी मासळी विकता विकता सगळ्यांना सांगून टाकलंय. गिऱ्हाईक भाव विचारतं आणि ही सिनेमाचं नाव सांगते.

तुमच्याकडे जर्मनीत तो दहा तारखेला येणार, असं डायरेक्टर तावियाह म्हणाले. तिथल्या लोकांनी आधीच विकत घेतलाय म्हणे. मावशी, एकटी बघू नकोस. चर्चमधल्या सगळ्या बायांना घरी बोलाव आणि टोमॅटोचा जोलोफ भात कर. त्यांना दाखव, जिला तू पाठीला बांधून बाजारातून फिरलीस ती कुठवर पोचली ते.

आणखी एक. माझ्या बाफूरचे काका इस्टरनंतर आमच्याकडे दार ठोठावायला, म्हणजे मला मागणी घालायला येणार. श्नॅप्स दारूची बाटली घेऊन, अगदी रीतीप्रमाणे. आई आत्तापासूनच घर सारवायला निघालीय!

तुझी,
आफ्राकोमा


हॅम्बुर्ग, १२ मार्च

आफ्राकोमा,

सिनेमा पाहिला.

तू म्हणालीस म्हणून सगळ्यांना बोलावलं होतं. पास्टरबाई होत्या, मिसेस ओडुरो होती, हॉस्पिटलच्या लाँड्रीत माझ्याबरोबर काम करणाऱ्या दोघी होत्या. भात केला होता, कोंबडी केली होती. तो भात तसाच राहिला. पास्टरबाई पर्स उचलून निघाल्या. दारात एवढंच म्हणाल्या, "सिस्टर फ्रेमा, देव तुम्हाला बळ देवो."

फोन करणार नाही. फोनवर माझ्या तोंडून काय निघेल, मलाच भरवसा नाही. म्हणून ईमेलवर लिहितेय.

हे करण्याआधी एकदा तरी विचारायचं होतंस.

फ्रेमा


कुमासी, १४ मार्च

मावशी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. नुसतं 'फ्रेमा' अशी सही तू मला कधी केली नव्हतीस.

मला कळलं तुला काय खटकलं ते. सासूच्या थोबाडीत मारते, तो सीन ना? मी तावियाहना तेव्हाच म्हटलं होतं, "आमच्यात थोरामोठ्यांवर हात उगारणाऱ्या बाईला कुणी पाणी विचारत नाही." ते म्हणाले, "म्हणूनच तर मार. बघणारा खुर्चीतून उठला पाहिजे." पास्टरबाई उठल्याच की! पण मावशी, ती सासू किती छळते तेही बघ ना. नवरा मेल्यावर विधवेचं भांडंकुंडं रस्त्यावर फेकते. शेवटी दोघी एकमेकींच्या गळ्यात पडतातच की नाही?

की दारूच्या सीनचा राग आलाय? बाटलीत पाणी होतं गं. देवाशप्पथ.

तू अशी अबोला धरून बसलीस तर मला घास जात नाही. पास्टरबाईंची मी स्वतः माफी मागते. नंबर दे.

तुझीच आफ्रा


हॅम्बुर्ग, १९ मार्च

आफ्रा,

तू माझ्याशी खेळतेयस का? थोबाडीत! दारू!

लिहायची लाज वाटते, तरी लिहिते, म्हणजे तुला पळवाट राहणार नाही. खोलीचं दार लावून घेतल्यावर तो दीर आत येतो. त्याच्यापुढे तू अंगावर चिंधीसुद्धा ठेवत नाहीस. मग तुझा चेहरा, मिटलेले डोळे, उघडं तोंड. मग पुन्हा ते सगळं. मग पुन्हा तुझा चेहरा. मी रिमोट शोधत होते आणि तो कोंबडीच्या ताटाखाली होता. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. पंधरा बाया बघत होत्या.

ताईला मी सगळं सांगितलंय. तिला अंधारात ठेवणं मला जमलं नाही. तिच्यापुढेही 'बाटलीत पाणी होतं' म्हणणार आहेस का?

मी तुझी आईच आहे. आपल्यात आईची बहीण म्हणजे आईच. म्हणून विचारते, कुणी जबरदस्ती केली का? केली असेल तर सांग. मी पहिल्या विमानाने येते. पण खोटं बोलू नकोस.

मावशी


कुमासी, २२ मार्च

मावशी,

असा सीन नाही.

परत लिहिते. असा सीन सिनेमात नाही. मी दार लावते, खाटेवर बसते आणि रडते. एकटी. कुठला दीर येत नाही, कुणीच येत नाही. मग सकाळ होते आणि मी विहिरीवर जाते. बस.

तू दुसरं काही पाहिलंस. तुमच्याकडे घाणेरडे सिनेमे फार, कुठलं बटण दाबलंस कुणास ठाऊक. आणि तसल्या गोष्टीवर माझं नाव लावून तू आईला फोन केलास? मला न विचारता?

तुझ्या फोनने काय केलंय ते ऐक. आई माझ्या हातचं खात नाही. परवा मी उकडलेले कंद कांडून फुफू केलं, सूप केलं, तर म्हणाली, "मला भूक नाही." आणि शेजारणीकडून केंकी मागवून खाल्ली. माझ्यासमोर! मी तिला बखोटीला धरून बसवलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमा दाखवला. म्हटलं, "दाखव. कुठे आहे? बोट ठेव." तिनं सगळा पाहिला. रडण्याच्या सीनला तिचेही डोळे भरले. माझ्या जिवात जीव आला.

मग म्हणते कशी, "हा गरिबांसाठी असेल. गोऱ्यांना दाखवतात तो खरा."

मी म्हटलं, "आई, डोळ्यांनी पाहिलंस ना?"

"माझे डोळे कुमासीत आहेत. फ्रेमाचे हॅम्बुर्गमध्ये. इथे सगळी लपवालपवी असते. फ्रेमा कशाला खोटं बोलेल?"

आता सांग, यावर मी काय बोलू? परदेशात राहणाऱ्या बॉर्गा बहिणीचा शब्द म्हणजे बायबल, आणि पोटच्या पोरीचा सिनेमासुद्धा खोटा.

पुन्हा बघ. तुला वाटतं ना, मी लहानपणापासून तुझ्या अंगाखांद्यावर वाढले? मग पुन्हा बघ आणि नीट बघ.

आफ्राकोमा


हॅम्बुर्ग, २८ मार्च

आफ्रा, माझ्या बाळा,

बघायचं नव्हतं. तुझ्या पत्राचा राग आला होता. पण आज दुपारी कामावरून आले, पडदे ओढले आणि लावला. त्या सीनपाशी आल्यावर हात डोळ्यांवर गेले. मग स्वतःलाच म्हटलं, फ्रेमा, हॉस्पिटलात कसल्या कसल्या चादरी धुतेस, आणि इथे बघायला घाबरतेस?

मी बघितलं. थांबवून थांबवून बघितलं.

ती पाठ तुझी नाही.

तू दुडूदुडू चालायला लागलीस तेव्हा ताईची तेलाची कढई तुझ्यावर कलंडली होती. तुला आठवत नसेल. तुला पालथी मांडीवर घेऊन रोज शिया बटर लावायचं काम माझं होतं. डाव्या खांद्याखाली कातडी कशी चुरगळलीय, ते मला आंधळी झाले तरी बोटांनी सांगता येईल. आणि पडद्यावरच्या बाईची पाठ नुसती गुळगुळीत. तिचा चेहरा तर दिसतच नाही. नुसता पाठमोरा देह, मग तुझा चेहरा, मग देह, मग चेहरा.

खाली जमिनीवर बसले. पंधरा बायांनी हेच पाहिलं आणि त्यातल्या एकीलाही संशय आला नाही. त्या बायांत मी होते.

मला वाटतं, तू म्हणतेस तो सिनेमाही खरा आहे आणि मी पाहिला तोही खरा आहे. तुमच्याकडे एक दाखवतात, आमच्याकडे दुसरा. असं करतात का? असं करू देतात?

मी ताईला फोन केला. ती म्हणाली, "आता तू तिला वाचवायला बोलतेयस." आणि फोन ठेवला. एकदा सोडलेला शब्द मला परत गिळता येईना.

काय करू ते सांग. माफी नंतर मागेन, ती फार मोठी आहे.

तुझी मावशी


कुमासी, ९ एप्रिल

मावशी,

मीही पाहिलं.

बाफूरनं फोनवर एक अ‍ॅप घातलं. त्यानं फोन जर्मनीत असल्याचं सोंग करतो. त्याच्या वर्कशॉपमध्ये, गाड्यांच्या मागे बसून आम्ही दोघांनी बघितलं. तेच नाव, तेच चित्र, पण आत सिनेमा वेगळा.

तुला एक गोष्ट माहीत नाही. तो रडण्याचा सीन आला तेव्हा मला रडूच येईना. तावियाहनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि म्हणाले, "तुझं सगळ्यात मोठं दुःख आठव." मी बाबांची मयत आठवली. पेटी उचलली तेव्हा आई दाराशी आडवी झाली होती, ते आठवलं. मी डोळे मिटले आणि सिनेमाबिनेमा विसरून रडले. बाबांसाठी रडले, मावशी. तेच रडणं त्यांनी उचललं आणि त्या घाणीच्या मधे मधे डकवलं. तिथे ते रडणं वाटतच नाही. ते काय वाटतं, ते तुला माहीत आहे.

मी वर्कशॉपच्या मागे जाऊन ओकले.

मग तावियाहच्या ऑफिसात गेले. बाई, तो माणूस गार माल्टाची बाटली पीत बसला होता! मी सगळं सांगितलं. त्याला ना धक्का, ना लाज. म्हणाला, "तिकडच्यांना मसाला लागतो. इथे सेन्सॉर कापतं, म्हणून इथे घातलाच नाही. तुझी अब्रू मीच राखली, उलट."

"ती बाई मी नाही."

"मग तुला कशाची लाज?"

"चेहरा माझा आहे!"

"चेहरा तू करारात दिलास. आणि आफ्राकोमा, इथे ते दिसतच नाही. मग तुला काय?"

इथे दिसत नाही, मग तुला काय! रस्ताभर हे वाक्य कानात वाजत होतं.

फोनवर सिनेमा दाखवणाऱ्या त्या कंपनीला मी तक्रार लिहिली. उत्तर लगेच आलं, अगदी गोड: 'आपण वर्णन केलेले दृश्य आपल्या देशात उपलब्ध असलेल्या चित्रपटात आढळत नाही. आपले समाधान झाले असेल अशी आशा आहे.' पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर. म्हणजे जिथे मी राहते तिथून मला तक्रारही करता येत नाही.

बाफूरच्या काकांनी निरोप पाठवलाय. दार ठोठावणं पुढे ढकललं. कुणीतरी त्यांना जर्मनीतून सांगितलं म्हणे.

तू विचारतेस, काय करू. मावशी, तुझ्याकडे दिसतं ते. तूच बोलू शकतेस.

आफ्रा


हॅम्बुर्ग, ४ मे

आफ्रा बाळा,

आधी चर्चचं सांगते, कारण तक्रारीपेक्षा ते अवघड गेलं.

रविवारी साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा मी उठले. म्हटलं, "माझ्या घरात तुम्ही जे पाहिलंत त्यातला चेहरा माझ्या भाचीचा आहे. देह तिचा नाही. ती पाठ मी स्वतः धुतलीय, मला माहीत आहे. आणि तरी मीच सगळ्यात आधी तिच्याविरुद्ध बोलले." तुझ्या बाबांच्या मयतीचंही सांगितलं. मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं. पास्टरबाई मान खाली घालून बसल्या होत्या. मला वाटलं, झालं, आता इथेही आपल्याला कुणी पाणी विचारणार नाही.

तक्रार फोनवर केली. माझं जर्मन तुला माहीत आहे, लाँड्रीतलं. पलीकडचा मुलगा विचारतो, "दृश्य तुम्हाला आवडलं नाही का?" मी म्हटलं, "आवडलं नाही? अरे, ते चोरीचं आहे!" तो म्हणे, "चोरीसाठी वेगळा विभाग आहे." त्या विभागात दुसरी बाई. तिला पहिल्यापासून सगळं. मी रोज लाँड्रीच्या सुट्टीत फोन लावायचे. शेवटी तिला माझा आवाज पाठ झाला. "गुटन टाग, फ्राऊ फ्रेमा," म्हणायची, मी नाव सांगायच्या आत.

काल तिचं पत्र आलं. तो सीन जर्मनीतून काढलाय. मी लगेच लावून बघितलं. आता तू एकटीच रडतेस, दार लावून. मी टीव्हीवरून हात फिरवला.

बाफूरचं काय? ताई बोलते का?

तुझी मावशी


कुमासी, २१ मे

मावशी गं,

तू टीव्हीवरून हात फिरवलास, ते वाचून मी इथे मशीनवर डोकं टेकून रडले.

बाफूरचं आधी. तो म्हणाला, "मला माहीत आहे ती तू नाहीस. आता तर काढलंही. फक्त सिनेमात काम करणं सोड, काकांना तेवढंच हवंय." मी विचारलं, "आणि तुला?" तो पाना हातात फिरवत राहिला. मी म्हटलं, "जा मग." मावशी, त्याला मी हवी होते, पण चेहरा झाकून. चांगला माणूस आहे, शिव्या देऊ नकोस. पण मला नको.

आता आईचं ऐक.

मेकअप करणाऱ्या बाईकडून त्या दुसरीचा पत्ता लागला. एसिनाम नाव, मूळची हो गावची, आता सीमेपलीकडे लोमेला कापड विकते. मी घाबरत घाबरत फोन केला. मला वाटलं होतं, निर्लज्जासारखी बोलेल. तिला वाटत होतं ती साबणाची जाहिरात आहे! परदेशी साबण, चेहरा दिसणार नाही, असं सांगून नेलं होतं तिला. मी तिला खरं सांगितलं, आई माझ्या हातचं खात नाही तेही सांगितलं. मग म्हणाली, "तुझी आई कुठे असते?"

आणि ती आली गं. बस बदलत, सीमा ओलांडून आली. आई मासळीची टोपली निवडत होती. आईनं रीतीप्रमाणे तिला आधी पाणी दिलं, बसवलं, मग विचारलं, "काय काम काढलंस?"

एसिनाम उभी राहिली. म्हणाली, "आई, जर्मनीत तुमच्या बहिणीनं जी पाठ पाहिली ती माझी आहे."

आईचे डोळे पांढरे झाले. माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. म्हणाली, "हे सांगायला इतक्या लांब आलीस? तुला लाज नाही वाटली?"

"वाटते. पण माझी लाज तुमची मुलगी वाहतेय, ते बरं नाही."

आई उठली. मला वाटलं आता हाकलते. ती आत गेली, उखळ बाहेर काढलं आणि मुसळ माझ्या हातात दिलं. "कांड," म्हणाली. "दोघींना भुका लागल्या असतील. मलाही लागलीय." मी कांडत होते आणि आई उखळातला गोळा परतत होती. माझ्या मुसळाखाली तिचा हात, नेहमीसारखा. जेवताना तिनं दोनदा वाडगा पुढे केला.

इथे संपलं असतं तर किती बरं. पण काल एसिनामचा लोमेहून निरोप आला. तिनं शेजाऱ्यांच्या टीव्हीवर सिनेमा लावून पाहिला. मावशी, तिथे तो सीन अजून आहे. तिचा भाऊ आबिजानला असतो, तिथेही आहे. मी बाफूरच्या त्या अ‍ॅपवर एकेक देश लावत गेले. हॉलंड, आहे. इटली, आहे. कॅनडा, आहे. तू जर्मनी बंद केलीस आणि मी वेडी समजले, जग बंद झालं.

देश आहेत तरी किती, मावशी?

आफ्रा


हॅम्बुर्ग, १६ जून

माझ्या आफ्रा,

तुझं पत्र मी मिसेस ओडुरोला वाचून दाखवलं. तिनं ते पास्टरबाईंना सांगितलं. तिच्या पोटात काही राहत नाही, तुला माहीतच आहे. मी तिच्यावर भडकणार होते. पण रविवारी प्रार्थना संपली आणि पास्टरबाईंनी दार लावून घेतलं. म्हणाल्या, "कुणी जायचं नाही. कुणाची बहीण कुठे आहे, बोला."

मग मिसेस ओडुरो म्हणाली, "माझी तुरिनला." कुणी म्हणाली, "माझी नणंद रॉटरडॅमला, पण तिच्याशी बोलणं बंद आहे." पास्टरबाई म्हणाल्या, "आज सुरू करा." कुणाची टोरांटोत, कुणाची अँटवर्पला. मागच्या बाकावर जी हसली होती ना, तिची मुलगी माद्रिदला असते. तिनंच सगळ्यात आधी फोन लावला. एकेकीला मी समजावलं: फोन उचलणाऱ्या पहिल्या मुलाशी वाद घालू नका, सरळ चोरीचा विभाग मागा.

तो सीन रॉटरडॅमहून निघाला. तुरिनहून निघाला. ती तुरिनची बाई मासळीबाजारातली आहे, कंपनीचा माणूस म्हणे तिला 'कृपया हळू बोला' म्हणून विनवत होता. कॅनडाचं अडलंय, पण अडू दे. लोमे आणि आबिजानचं एसिनामकडे सोपवलंय.

नॉर्वेत आमचं कुणीच नव्हतं. पास्टरबाई म्हणाल्या, "शोधा. आपलं माणूस नाही असा देश देवानं केलेला नाही." काल सापडली. आपल्याकडची, कोफोरिदुआ गावची एक नर्स आहे, म्हातारी, तिकडेच आयुष्य गेलं तिचं. मी तिला सगळं सांगायला लागले, तर मधेच म्हणाली, "तो सिनेमा? तो मी एप्रिलमध्येच पाहिलाय."

म्हटलं, "मग तुम्हीही ते सगळं..."

"हो. पाहिलं. आणि मी तेव्हाच माझ्या नवऱ्याला म्हटलं, ही मुलगी रडतेय. खरंखुरं रडतेय. आयुष्यभर मयताच्या घरच्यांना धरलंय मी, मला कळतं. हिच्याजवळ कुणी नाही का?"

मी फोन छातीशी धरला. ती "हॅलो, हॅलो" करत राहिली.

आफ्रा, ती तुला ओळखतसुद्धा नाही. तिला दिसलं.

मी विमानाचं तिकीट काढलंय. ताईला सांग, मासळी राखून ठेव.

तुझी मावशी